धूर कुणाचा, दाद कुठं मागायची? सांगलीकरांसाठी हवेच्या कायद्याची सुरुवात

ऊसतोड सुरू झाली, बॉयलर पेटले की सांगली जिल्ह्यात एक तक्रार दरवर्षी नव्यानं ऐकू येते. गच्चीवरच्या कपड्यांवर काळी राख पडते, सकाळी गल्लीत धूर रेंगाळतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला हटत नाही. कुणीतरी अर्ज करतं. उत्तर येतं, ‘परिसरातील हवा विहित मर्यादेत आढळली.’ अर्जदार चिडतो आणि नाद सोडतो. बऱ्याचदा अशा प्रकरणात राखही खरी असते आणि ते उत्तरही खरं असतं. हवेच्या बाबतीत मोजपट्ट्या तीन आहेत. आपण कुठली मोजपट्टी लावायला सांगितली, यावर उत्तर ठरतं. हा लेख पहिल्यांदाच या विषयात हात घालणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं सांगलीची असली तरी कायदा साताऱ्यालाही तोच आहे.

पायरी १: तीन मोजपट्ट्या वेगळ्या करा

पहिली मोजपट्टी परिसरातल्या हवेची. आपण रस्त्यावर, शाळेत, घरात जी हवा श्वासात घेतो तिच्यात काय किती चालेल, हे ती सांगते. दुसरी धुराड्याच्या तोंडाशी लावायची, म्हणजे अमुक उद्योगाच्या चिमणीतून किती धूळ, किती वायू बाहेर पडला तर चालेल याची. तिसरी म्हणजे मोबाइलवर रंगीत चौकोनात दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक, ज्याला सगळे एक्यूआय म्हणतात. पहिल्या दोन कायद्यानं घालून दिलेल्या मर्यादा आहेत. तिसरा लोकांना चटकन कळावं म्हणून केलेला हिशेब आहे. निर्देशांक चढला म्हणून एखाद्या कारखान्याला दोषी ठरवता येत नाही. त्यासाठी त्याची चिमणीच मोजावी लागते.

एककांकडे नीट बघा, कारण नवखा माणूस इथं हमखास अडखळतो. परिसरातली हवा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि चिमणी मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. साखर कारखान्याच्या चिमणीतून दर घनमीटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत धूलिकण चालतात, म्हणजे दीड लाख मायक्रोग्रॅम. परिसरातल्या हवेत १० मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीची दिवसाची मर्यादा आहे १०० मायक्रोग्रॅम. दीड हजार पटींचा हा फरक वाऱ्यानं आणि उंचीनं विरावा, असं कायद्यानं धरलेलं आहे. म्हणूनच चिमणी किती उंच असावी हाही कायद्याचा भाग आहे, आणि चिमणी बुटकी असणं हे तक्रारीचं पुरेसं कारण आहे.

आता त्या काळ्या राखेबद्दल. परिसराच्या हवेचं यंत्र जे पकडतं ते पीएम १० आणि पीएम २.५, म्हणजे १० आणि २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जळून उडालेली, डोळ्यांना दिसणारी, बोटाला लागणारी राख याच्यापेक्षा कितीतरी जाड असते. ती या मोजणीत जवळपास येतच नाही. मग गच्ची काळी पडत असतानाही ‘हवा मर्यादेत’ असा अहवाल येतो आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. अशा वेळी परिसराची हवा मोजा असा अर्ज करू नये. बॉयलरची चिमणी मोजा, धुरातली राख पकडणारी यंत्रणा (स्क्रबर किंवा ईएसपी) चालू आहे का ते तपासा, असं स्पष्ट मागावं.

पायरी २: कायदा कुठला, हे एकदा वाचून घ्या

१९७२ ला स्टॉकहोममध्ये पर्यावरणावर जागतिक परिषद झाली. तिथं दिलेला शब्द पाळण्यासाठी संसदेनं १९८१ मध्ये हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा केला. भोपाळनंतर, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. तो छत्रीसारखा, सगळ्यावर पसरलेला. उद्योगनिहाय उत्सर्जनाच्या मर्यादा त्याच्या नियमांत आहेत. हवा कायद्याच्या कलम १९ खाली राज्य सरकार ‘वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ जाहीर करतं. महाराष्ट्रात १९९६ पासून अख्खं राज्य असं क्षेत्र आहे. त्यामुळे ‘आमचं गाव खेड्यात आहे, इथं हा कायदा नाही’ असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. जतच्या माळावरच्या क्रशरला आणि कुपवाडच्या फौंड्रीला कायदा एकच.

अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सांगलीत मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, ते कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. साताऱ्याचं उपप्रादेशिक कार्यालय पुण्याखाली आहे. शिराळा सांगली जिल्ह्यात, म्हणून तिथला अर्ज साताऱ्याला देऊन उपयोग नाही.

पायरी ३: परिसराच्या हवेचे आकडे, आणि त्यांच्या खालची बारीक अक्षरं

आज लागू असलेली राष्ट्रीय मानकं नोव्हेंबर २००९ ची. त्यात बारा प्रदूषकं आहेत. आपल्याला रोज लागतात ती अशी, सगळी मायक्रोग्रॅम दर घनमीटर:

- पीएम १०: वर्षाची सरासरी ६०, चोवीस तासांची १००
- पीएम २.५: वर्षाची ४०, चोवीस तासांची ६०
- सल्फर डायऑक्साइड: वर्षाची ५०, चोवीस तासांची ८०
- नायट्रोजन डायऑक्साइड: वर्षाची ४०, चोवीस तासांची ८०

ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, शिसं, अमोनिया, बेंझिन, बेंझोपायरीन, आर्सेनिक आणि निकेल ही बाकीची. तासगावकडं बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिथल्या शेडजवळ राहणाऱ्यांनी सल्फर डायऑक्साइडची ओळ लक्षात ठेवावी.

तक्त्याखाली लिहिलेलं फार थोडे लोक वाचतात. वर्षाच्या सरासरीसाठी किमान १०४ मोजण्या हव्यात: आठवड्यातून दोन, प्रत्येक चोवीस तासांची, सारख्या अंतरानं. दिवसाची मर्यादा वर्षातल्या ९८ टक्के वेळा पाळली गेली पाहिजे. उरलेल्या दोन टक्क्यांत ती ओलांडली तर चालते, पण लागोपाठच्या दोन दिवशी ओलांडायची नाही. एखाद्या अहवालात ‘वार्षिक सरासरी’ लिहिली असेल आणि मोजण्या साठच असतील, तर त्या सरासरीवर बोट ठेवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

सरासरी आपल्या भागात काय लपवते, हे एका काल्पनिक हिशेबानं बघू. समजा पावसाळ्याच्या चार महिन्यांत पीएम १० सरासरी २५ राहिलं आणि उरलेले आठ महिने ७५. वर्षाची सरासरी निघते ५८. मर्यादा ६०. कागदावर शहर पास झालं. पण त्या आठ महिन्यांत माणसांनी ७५ ची हवा घेतली, आणि ऊसतोड, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या, शेकोट्या हे सगळं त्याच आठ महिन्यांतलं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थर असतो, धूर वर सरकत नाही. नदीकाठच्या सखल भागात तो सकाळी उशिरापर्यंत अडकून राहतो. म्हणून माझा आग्रह असा: सांगलीसाठी बोलताना वर्षाच्या सरासरीवर समाधान मानू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवसाचे आकडे मागा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी सुचवलेली वार्षिक पातळी ५ आहे, आपली ४०. संघटनेची ती शिफारस आहे, आपल्याकडे तिला कायद्याचं बळ नाही. अर्जात तिचा आधार घेऊ नका. आपली मर्यादा पाळली म्हणजे हवा निर्धोक झाली असा अर्थ मात्र निघत नाही, एवढं त्यातून कळतं.

आणखी एक गोष्ट सांगलीकरांना माहीत असायला हवी. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. परिसर हवेची मानकं सतत न गाठणाऱ्या शहरांची त्यात यादी केली गेली. सांगली त्या यादीत आहे, कोल्हापूर आणि सोलापूरही आहेत. सातारा नाही. यादीत असणं म्हणजे शहरासाठी लेखी कृती आराखडा असणं: रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, वाहनं, उद्योग, आणि प्रत्येकापुढे जबाबदार खातं. २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत धूलिकण ४० टक्क्यांपर्यंत घटवायचं उद्दिष्ट कार्यक्रमात पुढे ठेवलं गेलं. हा आराखडा मिळवून वाचा. महापालिकेला प्रश्न विचारण्यासाठी याच्याइतका सोपा कागद दुसरा नाही, कारण कुणी काय करायचं हे त्यात लिहिलेलंच आहे.

पायरी ४: मोबाइलवरचा आकडा वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे. निर्देशांकाच्या सहा पायऱ्या: ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट, त्यापुढे गंभीर. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा तोच त्या मोजणी केंद्राचा निर्देशांक. सरासरी नाही. पीएम १० १२० असेल तर त्याचा उपनिर्देशांक साधारण ११४ येतो, त्याच दिवशी पीएम २.५ ७५ असेल तर त्याचा १४९. ॲपवर १४९ दिसेल आणि शेजारी ‘मध्यम’ हा शब्द.

‘मध्यम’ वाचून माणूस निर्धास्त होतो. पण निर्देशांकाचा १०० हा आकडा मुख्य प्रदूषकांच्या दिवसाच्या मर्यादेवरच बसवलेला आहे: पीएम १० चे १००, पीएम २.५ चे ६०. म्हणजे चोवीस तासांचा निर्देशांक १०१ झाला की कुठल्यातरी एका प्रदूषकानं कायद्यातली दिवसाची मर्यादा ओलांडली असं समजावं. ‘मध्यम’ ही पायरी पूर्णपणे मर्यादेच्या पलीकडची आहे. हे एवढं एक वाक्य प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

बाजारात मिळणाऱ्या छोट्या यंत्रांचे आकडे वेळ आणि ठिकाण ओळखायला उपयोगी पडतात. पुरावा म्हणून ते टिकत नाहीत. चिमणीचा नमुना कायद्यानं कसा घ्यायचा हे कलम २६ मध्ये ठरलेलं आहे: मंडळाच्या माणसानं, उद्योगाला नोटीस देऊन. ती रीत पाळली नाही तर मंडळाचा स्वतःचा नमुनासुद्धा कोर्टात चालत नाही.

पायरी ५: संमतीपत्र मिळवा

या सगळ्या विषयात एकच कागद मिळवायचा असेल तर हा. कलम २१ प्रमाणे उद्योग उभारण्याआधी एक आणि चालवण्यासाठी दुसरी, अशी मंडळाची संमती लागते. उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा, निळा असे गट आहेत, साखर कारखाना लाल गटात. संमतीपत्रात त्या उद्योगाची कुंडलीच असते: किती उत्पादनाला परवानगी, बॉयलर किती टनांचा, जळण कोणतं, चिमणीची उंची, धूर स्वच्छ करायची यंत्रणा कोणती, धुळीची मर्यादा किती, आणि संमती कधी संपते. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं उघडून वाचता येतात.

वाचताना चार गोष्टी तपासा. मुदत संपली आहे का. जळण म्हणून बगॅस लिहिलंय आणि आवारात दुसरंच काही रचलंय का. यंत्रणा लिहिली आहे ती जागेवर दिसते का. चिमणीची उंची जुळते का. जनरेटरच्या चिमणीचा हिशेब घरीही करता येतो: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट मिळवायची. दहा मीटर उंच इमारत आणि १०० केव्हीए जनरेटर असेल तर शंभरचं वर्गमूळ १०, त्याची ०.२ पट २. चिमणी बारा मीटर हवी. मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांना हे फार कामाला येतं.

साखर कारखाने आणि आसवन्या यांसारख्या सतरा प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास चालणारी ऑनलाइन मापनयंत्रणा बसवायला केंद्रीय मंडळानं २०१४ मध्ये सांगितलं. त्यांची माहिती मंडळाच्या सर्व्हरवर जाते. तुमच्या गच्चीवर राख पडली त्या रात्रीचे आकडे मागायची सोय यातून होते.

खडी क्रशरसाठी नियम आणखी स्पष्ट आहेत, कारण तिथं चिमणीच नसते. यंत्रापासून ३ ते १० मीटरच्या आत मोजलेली धूळ ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. शिवाय पाच गोष्टी असायलाच हव्यात: धूळ कोंडणारी आणि पाण्यानं दाबणारी यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, आवारातले पक्के रस्ते, नियमित झाडणं-शिंपडणं आणि कडेनं झाडांचा पट्टा. या पाचांपैकी काय नाही, हे रस्त्यावर उभं राहून कुणालाही दिसतं. फोटो काढा, यादी करा, अर्ज तयार.

पायरी ६: धुराप्रमाणे दार ठोठवा

उद्योगाचा धूर मंडळाकडे. कचरा जाळला जात असेल तर महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली आहे, तिचा उल्लेख अर्जात करा. काळा धूर सोडणारी गाडी आरटीओकडे, नंबर आणि वेळेसह. क्रशर किंवा वीटभट्टी असेल तर मंडळाबरोबर तहसीलदारांनाही प्रत द्या, कारण दगड-मातीचा परवाना महसूलचा.

गुऱ्हाळाबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. चुलवाणात चिपाड जळतं तोवर शेजाऱ्यानं आधी बोलून बघावं, चिमणी वाढवायला सांगावं. टायर किंवा प्लास्टिक जळत असेल तर मात्र बोलण्यात वेळ घालवू नये, त्या धुरात जे असतं ते सगळ्यात आधी चुलवाणात जळण घालणाऱ्या जळव्याच्याच छातीत जातं. शेतातल्या पाचटाचंही तसंच. कलम १९ खाली राज्य सरकार इंधन नसलेली कुठलीही वस्तू जाळायला बंदी करू शकतं, पण पाचट कुजवायला मदत मिळाली तर शेतकरी काडी ओढत नाही, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पाचट आच्छादन करणाऱ्यांनी दाखवलंय.

पायरी ७: अर्ज असा लिहा

‘खूप प्रदूषण होत आहे, कारवाई करावी’ या अर्जाला उत्तरही तसंच मोघम येतं. आठ-दहा दिवस वही ठेवा: तारीख, वेळ, वारा कुठून, धुराचा रंग, राख की वास. मग लिहा की अमुक उद्योग, अमुक गट क्रमांक, संमतीपत्रातली अमुक अट पाळली जात नाही असं दिसतं. कलम २४ खाली पाहणी करावी, कलम २६ खाली चिमणीचा नमुना घ्यावा, बॉयलर चालू असताना आणि शक्यतो रात्री. पाहणी अहवालाची प्रत मिळावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. ऑनलाइन द्यायचा असेल तर ‘आपले सरकार’वर टोकन क्रमांक मिळतो.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. कारवाई का केली नाही असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. पाहणी अहवाल, गेल्या दोन हंगामांतले चिमणी तपासणीचे निकाल आणि दिलेल्या नोटिसा यांच्या प्रती मागा.

पायरी ८: मंडळ हललं नाही तर

मंडळाच्या हातात बरंच काही आहे. कलम ३१अ खाली ते उद्योग बंद करायला, वीज-पाणी तोडायला सांगू शकतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं हवा कायद्यातल्या शिक्षा बदलल्या. मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन किंवा निर्देश न पाळणं यासाठी आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे. पर्यावरणाच्या हानीची भरपाई मंडळ वसूल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

तरीही काही झालं नाही, तर कलम ४३ सामान्य माणसासाठीच ठेवलेलं आहे. साठ दिवसांची लेखी नोटीस मंडळाला द्यायची, की या गुन्ह्याबद्दल मी स्वतः न्यायालयात तक्रार करणार आहे. अशी तक्रार करणाऱ्यानं मागितले तर मंडळाला आपल्याकडचे संबंधित अहवाल द्यावे लागतात. (सार्वजनिक हिताला बाधक वाटले तर मंडळ नकार देऊ शकतं, तो नकार लेखी घ्या.) ही नोटीस टपालात पडली की कित्येकदा थंड पडलेली फाइल हलते.

धूर अगदी वस्तीत, रोजचा आणि असह्य असेल तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जाता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली ते सार्वजनिक उपद्रव हटवायचा सशर्त आदेश काढू शकतात. हा रस्ता जुना आहे, पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ म्हणून ओळखला जायचा. इथं उत्सर्जनाची मोजमापं सिद्ध करायची नसतात, लोकांना त्रास होतोय हे दाखवायचं असतं. राखेच्या प्रकरणात म्हणूनच तो जास्त उपयोगी पडतो.

शेवटचा टप्पा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १ हजार रुपये. वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, योग्य कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतात. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे. वही, आवक शिक्का, संमतीपत्राची प्रत आणि माहिती अधिकारातले अहवाल हे सगळं तोपर्यंत तारखेनिशी एका फाइलला लावलेलं असावं. सहा महिन्यांची मोजणी माहिती अधिकाराच्या उत्तरासाठी थांबत नाही, त्यामुळे पहिला अर्ज हंगाम सुरू होताच, नोव्हेंबरातच द्या.